ड्युटी फ्री: वाचतं किती आणि कशावर?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, माझे मिस्टर, 19 वर्षांचा मुलगा आणि 12 वर्षांची मुलगी, आठवडाभर दुबईला जातोय. जाणं-येणं मुंबईहून, आणि उतरल्यावर गाडीने नाशिक. बातमी कळल्यापासून याद्या येताहेत. धाकट्या दिरांना स्कॉच हवी, नणंदेला परफ्युम, भाच्याला सव्वा लाखाचा फोन. मुलाला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाच आहे, तो तिथेच घेऊ म्हणतो. शिवाय सोसायटीत आणि ऑफिसात वाटायला चॉकलेटं, खजूर. सगळे सांगतात, विमानतळावर ड्युटी फ्रीमध्ये घ्या, स्वस्त पडतं. दीर म्हणतात, माणशी दोन लिटर, म्हणजे चौघांचे आठ लिटर आणता येतात. हे खरं का? आणि ड्युटी फ्री खरोखर स्वस्त असतं की नुसतं तसं वाटतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी आठ लिटरचं बघू, कारण तिथली चूक सगळ्यात महागात पडते. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला दारूची सवलत 2 लिटरची असते आणि त्यात व्हिस्की, वाइन, बिअर सगळं एकत्र मोजतात. ही सवलत ज्याची त्याची. एकाची दुसऱ्याच्या नावात मिळवता येत नाही. मुलांच्या पासपोर्टवर बाटल्या घेण्याच्या भानगडीत पडूच नका. बारा वर्षांच्या मुलीचा प्रश्नच नाही, आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 असल्यामुळे एकोणीस वर्षांच्या मुलाचाही नाही. तुम्ही आणि मिस्टर धरून चार लिटर, तेही दोघांनी आपापल्या बिलावर आणि आपापल्या हातात.

दोन लिटर म्हणजे 1 लिटरच्या दोन बाटल्या. 750 मिलीच्या तीन घेतल्या तर 2,250 मिली होतात, आणि वरच्या पावशेर लिटरवर ड्युटी लागते. ती साधी नसते, 150 टक्क्यांच्या घरात जाते. दुकानात ‘तीन घ्या, एकीवर सूट’ अशा पाट्या ठळक लावलेल्या असतात. लिटरच्या तीन बाटल्या एकट्या माणसाच्या सवलतीत बसत नाहीत, हे ती पाटी सांगत नाही. आणखी एक: दुबईहून दोन लिटर आणि मुंबईत उतरल्यावर आणखी दोन, असं होत नाही. दोन्हीकडचं मिळून दोन.

आता मूळ प्रश्न. 1947 साली आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर पहिलं ड्युटी फ्री दुकान निघालं तेव्हा त्यामागचा विचार सरळ होता: प्रवासी देश सोडून चालला आहे, माल तो इथे वापरणार नाही, मग इथला कर त्याच्याकडून का घ्यायचा? आजही एवढंच आहे. दुकानदार स्वतःचा नफा सोडत नाही. उलट विमानतळावरची जागा महाग असते, विक्रीतला मोठा हिस्सा विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला द्यावा लागतो, आणि तो खर्च वस्तूच्या भावातच बसवलेला असतो. त्यामुळे कराचा जेवढा भाग उतरतो त्यातला किती तुमच्या हातात येईल हे दुकानदार ठरवतो. कधी सगळा येतो, कधी थोडा, कधी काहीच नाही.

म्हणून कोणत्याही वस्तूपुढे उभं राहिलात की दोन गोष्टी विचारायच्या. या देशात या वस्तूवर कर किती आहे? आणि माझ्या घरी किती आहे? दुबईत 1 जानेवारी 2018 पासून व्हॅट आहे, तो 5 टक्के. शहरात 105 दिरहमला मिळणारी वस्तू कर काढला तर 100 ला पडायला हवी. यापेक्षा जास्त बचत निव्वळ करातून निघूच शकत नाही. थायलंडमध्ये हा कर 7 टक्के, सिंगापूरमध्ये 2024 पासून 9 टक्के. लिपस्टिक, गॉगल, हेडफोन, घड्याळ या वस्तूंवर वेगळी जड ड्युटी नसते, तेव्हा तिथल्या शहराशी तुलना केली तर वाचणारी रक्कम याच मापाची. मॉलमध्ये साधा सेल लागला तरी ती भरून निघते.

दारू आणि तंबाखूचं गणित वेगळं, कारण तिथे साध्या करावर खास कर चढतात. तेही देशागणिक वेगळे. ब्रिटनमध्ये 40 टक्के अल्कोहोल असलेल्या लिटरभर बाटलीवर 13 पौंडांहून जास्त ड्युटी आणि वर 20 टक्के व्हॅट, त्यामुळे तिथल्या माणसाला ड्युटी फ्रीची बाटली खरंच परवडते. अमेरिकेत साध्या 750 मिलीच्या बाटलीवर केंद्राचा कर दोन डॉलरच्या आसपास. म्हणून अमेरिकेतल्या मुलाकडे जाताना मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून बाटली नेणाऱ्या आईवडिलांना सांगावंसं वाटतं, तिथल्या मोठ्या दुकानात ती बहुतेक त्याच भावात मिळेल. सामानातलं ते दीड किलो वजन लोणच्या-पापडासाठी ठेवा.

आपल्याकडे आयात स्कॉचवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीवरचं फेब्रुवारी 2025 मध्ये 100 टक्क्यांवर आलं, आणि जुलै 2025 मध्ये सही झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात स्कॉचवरचं आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं आहे. त्याशिवाय दारू जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळे. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून मुंबई-पुण्यातल्या दुकानांचा आणि ड्युटी फ्रीचा फरक पूर्वीइतका उरलेला नाही. तरीही फरक आहे, आणि तुमच्या यादीत ड्युटी फ्रीमधून घेण्यासारखी खरी वस्तू एकच: दिरांची स्कॉच.

पण कोणती, यावर बरंच अवलंबून आहे. बाटलीच्या मागचं लेबल वाचा. काही स्कॉच पिंपांतून भारतात येतात आणि इथे बाटलीबंद होतात; हंड्रेड पायपर्स, टीचर्स, व्हॅट 69 त्यातल्या. त्या आपल्याकडे आधीच तुलनेने स्वस्त मिळतात, त्यामुळे ड्युटी फ्रीमधला फरक किरकोळ असतो. स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद होऊन आलेल्या, विशेषतः बारा वर्षांच्या पुढच्या आणि सिंगल माल्ट (एकाच भट्टीतल्या), यांवर करांची पूर्ण उतरंड बसलेली असते आणि फरक डोळ्यांत भरतो. दिरांना विचारा, नेमकी कोणती हवी. नुसतं ‘चांगली स्कॉच आणा’ म्हणाले तर दोन हलक्या बाटल्यांऐवजी एक भारी घेणं फायद्याचं.

तुलना नेहमी 100 मिलीच्या भावाने करायची, नाहीतर फसगत ठरलेली. आपल्या दुकानात बाटली 750 मिलीची, युरोपात 700 ची, ड्युटी फ्रीमध्ये बहुतेक 1 लिटरची. समजा नाशिकच्या दुकानात एक ब्रँड 5,000 रुपयांना 750 मिली आहे आणि ड्युटी फ्रीमध्ये 4,400 ला 1 लिटर. बाटलीकडे बघितलं तर सहाशेचा फरक. 100 मिलीला काढला तर इकडे 667 आणि तिकडे 440, म्हणजे तिसरा हिस्सा वाचला. उलटंही होतं: 700 मिलीची खास आवृत्ती देखण्या पेटीत घालून आपल्या 750 मिलीच्या भावाला लावलेली असते. ‘फक्त प्रवाशांसाठी’ असा शिक्का असलेल्या या आवृत्त्या शहरात कुठेच मिळत नाहीत, म्हणून त्यांचा भाव ताडून बघायला काही साधन राहत नाही. त्यांच्यावर वयाचा आकडा आहे का तेवढं पाहा. वय लिहिलेलं नसेल आणि नाव लांबलचक असेल तर नेहमीची बारा वर्षांची उचला.

ही बाटली दुबईत न घेता मुंबईत उतरल्यावर घ्या, असं माझं मत आहे. टर्मिनल 2 वर इमिग्रेशन झाल्यावर, सामानाच्या पट्ट्यांकडे जाताना ड्युटी फ्री दुकान लागतं. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवायचा. विमानात बाटल्या सांभाळत बसावं लागत नाही, सात किलोच्या केबिन बॅगेचा हिशोब बिघडत नाही, आणि दुकानाच्या संकेतस्थळावर आधीच नोंदवून ठेवता येतं. मुंबई आणि दुबई दोन्ही दुकानांचे भाव संकेतस्थळावर दिसतात. निघण्याच्या आठवडाभर आधी हवा तो ब्रँड दोन्हीकडे बघा आणि नाशिकच्या दुकानाचा भाव शेजारी लिहा. दुबईचा भाव ठळक कमी दिसला तरच तिकडून आणा. तिकडून आणलीत तर दुकानदार ती सीलबंद पारदर्शक पिशवीत देतो आणि बिल आतून दिसेल असं ठेवतो. मुंबईला पोहोचेपर्यंत ती पिशवी उघडायची नाही.

तुम्ही थेट गाडीने जाणार म्हणून पुढची अडचण तुम्हाला नाही, पण नागपूरला विमान बदलून जाणाऱ्यांना आहे. मुंबईत कस्टम्समधून बाहेर पडून पुन्हा देशांतर्गत विमानाच्या तपासणीला गेलं की हातातली बाटली अडू शकते. ती सामान परत जमा करण्याआधीच कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घालायची. 24 ते 70 टक्के अल्कोहोलची दारू चेक-इन सामानात माणशी 5 लिटरपर्यंत चालते. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, तिथेही हेच करावं. आणि बडोद्याच्या आपल्या मराठी मंडळींनी मुंबईत उतरून घरी जाताना गुजरातची दारूबंदी विसरू नये. कस्टम्सची सवलत ही कस्टम्सपुरती असते. राज्याची हद्द ओलांडली की तिथला परवाना लागतो. तुम्हीही नाशिकपर्यंत बिल हाताशी ठेवा, कारण या बाटलीवर महाराष्ट्राचं लेबल नसतं आणि बिल हाच तिचा कागद. ही बाटली कुणाला विकता येत नाही, तेवढं दिरांना सांगून ठेवा.

नणंदेच्या परफ्युमकडे येऊ. आयात परफ्युमवर आपल्याकडे 20 टक्के सीमाशुल्क आणि 18 टक्के जीएसटी, म्हणून लोकांना वाटतं दुबईत तो निम्म्याने मिळेल. पण सीमाशुल्क आयातीच्या किमतीवर बसतं, छापील किमतीवर नव्हे. छापील किमतीत मोठा वाटा वितरकाचा आणि दुकानाचा असतो. त्यात आपल्याकडच्या ऑनलाइन सेलमध्ये नामांकित परफ्युमवर चांगली सूट मिळते. नणंदेकडून तीन गोष्टी लिहून घ्या: पूर्ण नाव, मिली, आणि ओ द तॉयलेट की ओ द पार्फ्युम. बाटल्या जवळजवळ सारख्या दिसतात, पण पार्फ्युमात अर्क जास्त असतो आणि भावही जास्त. 90 मिली आणि 100 मिलीच्या पेट्या शेजारी ठेवल्या तर हाताला फरक कळत नाही; आकडा वाचावाच लागतो. मग शहरातल्या परफ्युमच्या दुकानांत, विमानतळावर आणि आपल्याकडच्या सेलमध्ये, असा तिन्हीकडचा 100 मिलीचा भाव ताडून घ्या. माझ्या मते परफ्युमसाठी दुबई शहराला पहिली पसंती, कारण तिथे दुकानादुकानांत चुरस असते आणि विमानतळावर दुकान एकच. चेक-इन बॅगेत परफ्युमची एकेक बाटली 500 मिलीपर्यंत आणि असे सगळे पदार्थ मिळून माणशी 2 लिटरपर्यंत चालतात, त्यामुळे शहरात घेतलेली बाटली आणायला काही अडचण नाही.

चॉकलेटं आणि खजूर विमानतळावर घेऊच नका. चॉकलेटवरचा आपला जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. बाहेरून येणाऱ्या चॉकलेटवर 30 टक्के सीमाशुल्क आहे खरं, पण वाटायची चॉकलेटं म्हणून जी घेतली जातात त्यातली बरीच आता आपल्याकडेच बनतात. दुबईच्या शहरातल्या हायपरमार्केटमध्ये तीच पुडी किलोच्या भावाने बघून घेता येते. विमानतळावर मोठ्या नक्षीदार डब्यात माल किती ग्रॅम आहे तेवढा आकडा शोधा, म्हणजे कशाचे पैसे देतोय ते कळेल. खजूर दुबईतल्या देरा भागातल्या बाजारात चाखून, सुटा तोलून मिळतो. उन्हाळ्यात चॉकलेट चेक-इन बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत ठेवा, नाहीतर मुंबई-नाशिक रस्त्यावर गाडीच्या डिकीत त्याचा लगदा होतो.

लॅपटॉपचं मात्र नीट ऐका, कारण नियम तुमच्या बाजूने आहे. 18 वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो आणि तो इतर सामानाच्या रकमेच्या मर्यादेत धरत नाहीत. मुलगा 19 चा आहे, तेव्हा लॅपटॉप त्याच्या नावाच्या बिलावर आणि त्याच्याच पाठीवरच्या बॅगेत असू दे. तो विमानतळावरून न घेता शहरातून घ्या आणि व्हॅटचा परतावा, म्हणजे पर्यटकाला देश सोडताना परत मिळणारा कर, घ्या. दुबईत ज्या दुकानांत परताव्याची सोय आहे तिथे किमान 250 दिरहमची खरेदी लागते आणि बिल करतानाच पासपोर्ट द्यावा लागतो. नंतर आठवलं तर उपयोग नाही. समजा लॅपटॉप 4,200 दिरहमचा. त्यात व्हॅट 200. परतावा त्याच्या 85 टक्के, म्हणजे 170, आणि त्यातून दर बिलामागे 4.80 दिरहम शुल्क वजा. हातात आले 165.20. ड्युटी फ्रीमध्ये सगळा कर उतरला असता तरी तुमचा जास्तीचा फायदा 35 दिरहमच्या आसपास, जेमतेम आठ-नऊशे रुपये. त्याच्या बदल्यात शहरात मॉडेलं भरपूर मिळतात, सेल असतो, आणि चार दिवस वापरून काही बिघाड दिसला तर दुकानात परत जाता येतं.

परताव्यात लोक चुकतात ते एकाच ठिकाणी. परताव्याच्या मशीनवर किंवा काउंटरवर सामान जमा करण्याआधी जायचं असतं, वस्तू दाखवायला सांगू शकतात म्हणून. मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि वस्तू तिच्यात असली तर दाखवणार काय? नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा, पासपोर्ट, बिलं आणि वस्तू एका बॅगेत ठेवा, शिक्कामोर्तब करून घ्या, मग चेक-इनच्या रांगेत लागा. खरेदीपासून 90 दिवसांत माल देशाबाहेर न्यायचा असतो; तुमच्या आठवड्याला ती अट आड येत नाही.

लॅपटॉप घेताना कीबोर्ड उघडून बघा. तिथल्या बऱ्याच मॉडेलांवर इंग्रजी अक्षरांच्या शेजारी अरबी अक्षरं कोरलेली असतात, आणि ती मुलाला चार वर्षं बघावी लागतील. प्लग ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा असतो. हमी भारतात चालेल का, हे विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर न सोडता कंपनीच्या हमीपत्रात वाचा. आणि हे करण्याआधी आपल्याकडे विद्यार्थ्यांसाठी जी सूट असते ती पाहून घ्या. लॅपटॉपवर आपल्याकडे सीमाशुल्क नाही, फक्त 18 टक्के जीएसटी आहे, म्हणून फरक कधी कधी इतका बारीक निघतो की नाशिकमध्ये घेतलेला बरा.

भाच्याच्या फोनला मी नाही म्हणेन. लॅपटॉपसारखी वेगळी सवलत फोनला नाही. तो सर्वसाधारण मर्यादेत येतो: फेब्रुवारी 2026 पासूनच्या नियमांत ती माणशी 75,000 रुपये आहे, त्याआधी 50,000 होती. परफ्युम, चॉकलेट, बाटल्या यांची किंमतही त्यातच धरली जाते. आणि नवराबायकोच्या मर्यादा जोडून दीड लाख होत नाहीत. समजा दुबईत फोन 1,15,000 ला पडला आणि एकाच्या सवलतीत दुसरं काही आणलं नाही. तरी 40,000 मर्यादेबाहेर. 2016 च्या नियमांखाली अशा मालावर एकूण 38.5 टक्के ड्युटी लागत असे. त्या दराने 15,400 होतात. फोन पडला 1,30,400 ला, इथल्या सव्वा लाखापेक्षा पाच हजारांनी महाग. चालू दर सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर बघून हाच हिशोब तुम्ही पुन्हा मांडा. त्यावर हमीचा प्रश्न आहेच; आयफोनची दुरुस्ती जिथे विकला त्या देशापुरती मर्यादित ठेवायची मुभा कंपनीने हमीपत्रात राखून ठेवली आहे. काही लोक सांगतील, खोका फेकून द्या, सिम घाला, जुना म्हणून दाखवा. दुसऱ्याच्या फोनसाठी कस्टम्सच्या टेबलावर खोटं बोलायची वेळ स्वतःवर का आणावी? भाच्याला बँकेच्या कार्डवरची सूट आणि जुना फोन देऊन मिळणारा भाव, दोन्ही इथेच मिळतील.

पैसे कसे देता यावरही बचत टिकते किंवा जाते. भारतातल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनाच्या खर्चाला 3.5 टक्के शुल्क असतं आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, मिळून 4.13 टक्के. ड्युटी फ्रीमध्ये 1,000 दिरहमची वस्तू घेतली, 50 दिरहम व्हॅट वाचला असं मनात म्हटलं, आणि कार्डाने त्यातले 41.30 परत घेतले. उरले 8.70. नाशिकच्या भावाशी तुलना करताना ही रक्कम मिळवल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. शुल्क नसलेलं कार्ड असेल तर ते न्या, किंवा दिरहम भरलेलं फॉरेक्स कार्ड. कार्ड लावल्यावर मशीन किंवा विक्रेता विचारेल, रुपयांत देणार की दिरहममध्ये? दिरहमच सांगा. रुपयांत दिलं की विनिमयाचा दर ते मशीन ठरवतं, आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा जवळपास नेहमीच वाईट असतो. बटण कधी कधी विक्रेताच दाबून टाकतो, म्हणून पावतीवर सही करण्याआधी चलन पाहा आणि रुपये दिसले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

दुबईच्या दुकानांत खुलेआम विकायला असलेल्या पण आपल्याकडे चालत नसलेल्या काही वस्तू आहेत, मुलाला आधीच सांगून ठेवा. ई-सिगारेटवर भारतात 2019 पासून कायद्याने बंदी आहे, आयातीवरही. परदेशी ड्रोनची आयात फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे. मोठा टीव्ही स्वस्त दिसला तर लक्षात असू द्या, ऑगस्ट 2013 पासून फ्लॅट टीव्ही सवलतीतून वगळला आहे आणि त्याच्या पूर्ण किमतीवर ड्युटी लागते. दागिन्यांची जी वेगळी सवलत लोक सांगतात ती वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठवड्याच्या सहलीला ती मिळत नाही. सिगारेटची मर्यादा 100 कांड्यांची. आणि यापुढे कधी मालदीवला गेलात तर जाताना बाटली नेऊ नका, तिथे दारू आणायला मनाई आहे. सिंगापूरला तर एका सिगारेटचीही सवलत नाही.

मर्यादेबाहेरचं काही आणलंच तर मुंबईत कस्टम्सच्या लाल मार्गाने, म्हणजे ड्युटीचा माल असलेल्यांच्या वाटेने, जा आणि स्वतःहून सांगा. सीमाशुल्क खात्याच्या ‘अतिथी’ ॲपवर ही माहिती विमानात बसण्याआधी भरता येते, रांगेत उभं राहून फॉर्म शोधावा लागत नाही. मर्यादेवर जेवढी रक्कम जास्त तेवढ्यावरच ड्युटी भरायची असते, पण ‘सांगण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या हिरव्या मार्गाने निघून पकडलं गेलं तर माल जप्त होऊ शकतो आणि दंड वेगळा. मिस्टरांचा चांगला कॅमेरा किंवा तुमचे अंगावरचे दागिने इथून घेऊन जाणार असाल तर जातानाच कस्टम्सच्या काउंटरवरून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर परतताना ते दुबईत घेतलेले नाहीत हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. वस्तू, जुनं बिल असल्यास ते आणि तिकीट घेऊन चेक-इनच्या आधी जायचं, कारण अधिकारी वस्तू प्रत्यक्ष बघून वर्णन लिहितो.